गळेपडू तांबू

सुग्रीवाच्या तांबूनं आजवर कुणाला चावा घेतला नव्हता. चावला असता तर निदान लोकांना समजलं तरी असतं. त्याचा रोग वेगळाच होता. दुसरं कुत्रं दिसलं, की हा शेपटी गरागरा फिरवत धावत सुटायचा आणि पुढचे दोन्ही पाय त्याच्या मानेवर टाकून मोकळा व्हायचा. समोरचा जेवतोय का झोपलाय, त्याला ओळख वाढवायची हौस आहे का नाही, ही चौकशी तांबूच्या घराण्यात कुणी केली नव्हती.

गावात हे खपून जायचं. पण त्या साली पाऊस असा रुसला, की विहिरींनी तळ दाखवला आणि उमापूरच्या आसपासच्या गावांतली जनावरं दूध सोसायटीच्या चारा छावणीत दाखल झाली. जनावरांमागं माणसं आली, माणसांमागं कुत्री. सुग्रीव आणि त्याची बायको वच्छलाबाई यांनीही घराला कुलूप घातलं आणि गाई घेऊन छावणीत पाल ठोकलं. पालापालाला एक अनोळखी कुत्रं बांधलेलं. तांबूला ही जत्राच वाटली.

एका सकाळी दूध घालायची रांग लागलेली असताना सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव आपला सरदार नावाचा कुत्रा घेऊन आले. सरदार मोठा मानी. अर्जुनरावांच्या पायाशी बसून तो लोकांकडं असा बघायचा, जणू चाऱ्याची मंजुरी त्याच्याच सहीनं निघते. तांबूनं त्याला पाहिलं आणि दोर तोडून थेट त्याच्या गळ्यात पडला. सरदारनं त्याला झटकलं, दोघं लोळत रांगेत शिरले आणि दुधानं भरलेला कॅन आडवा झाला. दुष्काळात दूध मातीत जाताना बघायला फार जड जातं.

"सुग्रीवा, सोमवारी हितंच संचालकांची बैठक हाय," अर्जुनराव म्हणाले. "तवर ह्याला वळण लाव. त्या दिवशी तू सोता ह्याला धरून आमच्यासमोरून जायचं. सरदारच्या अंगावर गेला तर कुत्रं छावणीत ऱ्हाणार न्हाई. तुमी ऱ्हावा, गाई ऱ्हाऊ द्या."

गावात पाण्याचा थेंब नव्हता. तिथं तांबूला सोडायचं म्हणजे मारायचंच. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, आणि या कुत्र्याला त्यांनी चिंधीनं दूध पाजून वाढवलं होतं. सुग्रीव तांबूला पोटाशी धरून रडत बसला.

वच्छलाबाई रडत बसणारी नव्हती. तिच्या माहेरी गोऱ्हे शिकवायचं काम पिढ्यान् पिढ्या चाललेलं. ती म्हणाली, "नवा गोऱ्हा औत घिऊन पळाला तर काय करत्यात? मारत न्हाईत. कासरा धरून मागं वळवत्यात. पळून कायबी मिळत न्हाई, हे त्याला कळाया पायजे."

तिनं तांबूला दोरीला धरून छावणीत फिरवायला सुरुवात केली. त्यानं ओढ घेतली की ती वळून उलट चालायची. दोर सैल पडला की पुन्हा पुढं. दुसऱ्या कुत्र्यावरची नजर काढून त्यानं तिच्याकडं बघितलं की भाकरीचा तुकडा. थोड्याच दिवसांत तांबू शहाण्यासारखा चालू लागला. मग तिनं दोर सुग्रीवाच्या हातात दिला आणि तांबू पहिल्यापेक्षा जास्त उधळला.

वच्छलाबाई मागून चालत बघत राहिली, तेव्हा तिला खरा प्रकार कळला. लांबून माणूस दिसला की सुग्रीवाची चाल बदलायची, मान पुढं जायची, हात वर जायचा आणि "राम राम पाव्हणं, कोणचं गाव?" करत तो निघायचा. सुग्रीव ज्या माणसाकडं धावे, त्याच्या कुत्र्याकडं तांबू धावे. ते बिचारं मालकाचीच रीत पाळत होतं.

"अवो, कुत्रं सुदरलं," ती म्हणाली. "ऱ्हायलाय तुमी."

"मंग काय मानसाला राम रामबी घालू नको?"

"मी मान हलवस्तोर तोंड उघडायचं न्हाई."

"लोकं काय म्हनतील?"

"लोकं पायजेत का तांबू?"

तेव्हापासून गप्प राहिल्याबद्दल तांबूला भाकर आणि सुग्रीवाला गूळ-शेंगदाणे मिळू लागले. तांबूला ते सोपं गेलं. सुग्रीवाला मात्र घाम फुटायचा. उमापूरचा जुना दोस्त समोरून गेला आणि याला नुसतं आभाळाकडं बघावं लागलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

छावणीत कुजबुज सुरू झाली. सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली, आणि आपल्याकडं माणसानं राम राम बंद केला, की तो दुसऱ्या पॅनलला मिळाला असंच धरतात. त्यात सुग्रीव म्हणजे पालापालात उठबस असलेला माणूस. बातमी अर्जुनरावांच्या कानावर गेली आणि त्यांची झोप उडाली.

सोमवारी दुधाच्या रांगेशेजारीच संचालक खुर्च्या टाकून बसले. सरदार मोकळाच होता. सुग्रीव तांबूला घेऊन आला, मागं हातात भाकर घेऊन वच्छलाबाई. सरदार दिसताच तांबूचे कान टवकारले, अंग थरथरलं. इतक्या ओळखीच्या माणसांना एकदम बघून सुग्रीवाचीही तीच गत झाली. पण दोघांनी दम धरला. चेअरमनकडं ढुंकूनही न बघता दोघं पुढं गेले.

अर्जुनरावांना ते सोसेना. "सुग्रीवा, आरं थांब," म्हणत ते खुर्ची लोटून उठले, धावत आले आणि त्यांनी दोन्ही हात सुग्रीवाच्या गळ्यात टाकले. "माजं काय चुकलं आसंल तर सांग. पर असा तोंड फिरवून जाऊ नको रं."

मालक एवढ्या घाईनं गळाभेटीला निघालेला बघून सरदारही उठला आणि तांबूवर झेपावला. तांबू बाजूला सरून वच्छलाबाईच्या हाताकडं बघत खाली बसला. सरदार तसाच रांगेत घुसला आणि कॅन आडवा झाला.

ज्यांचं दूध सांडलं त्या दगडाबाईंनी विचारलं, "चेअरमनसाहेब, आता छावणीतून कुनाला काढायचं?"

"कुनालाच न्हाई," अर्जुनराव पडेल आवाजात म्हणाले. "तांबू हितंच ऱ्हाईल."

सुग्रीवाला इतका आनंद झाला, की एकेका संचालकाला आणि सरदारलाही वेगळा राम राम घालावा असं त्याला वाटलं. पण ओठ घट्ट मिटून तो बायकोकडं बघत उभा राहिला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"आता तरी बोल की रं," अर्जुनराव काकुळतीला आले. "वयनी, ह्यो बोलंना कावून?"

वच्छलाबाईनं आधी तांबूला भाकर दिली.

"तुमी आदी त्यांच्या गळ्यातलं हात काडा," ती म्हणाली. "मंग मी मान हलवते."

अर्जुनरावांनी मुकाट्यानं हात खाली घेतले.