वहिनीची उडी आणि हिरवे चौकोन

पडद्यावर तरणतलाव होता, पण निम्म्या पाण्याचे हिरवे चौकोन झाले होते आणि त्यांच्यामधून वहिनीचं एकच कोपर वर आलेलं दिसत होतं. आवाज मात्र खणखणीत. "पाय मार, वहिनी! पाय मार!" ते आत्याचंच ओरडणं होतं. आत्याने कपाळाला हात लावला.

साठी उलटल्यावर वहिनी पोहायला शिकली होती. आज सकाळी तिने पहिल्यांदा खोल पाण्यात उडी मारली आणि तिच्या नणंदेने, म्हणजे आत्याने, सगळं कॅमकॉर्डरवर टिपलं. जेवणं उरकून तिघं कॉम्प्युटरपुढे बसली, तर हे असं!

"गेलं का गं सगळं?" वहिनीचा चेहरा पडला. "परत उडी मारायला सांगू नकोस हं. एकदा धीर झाला तोच खूप."

"कार्ड फॉरमॅट करून टाक," दादा म्हणाला. दादा म्हणजे वहिनीचा नवरा, आत्याचा थोरला भाऊ. "माझा फोन तसाच सुधारला होता."

"हात लावशील तर याद राख! होतं नव्हतं ते पुसलं जाईल."

आत्याने कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घातलं आणि तीच क्लिप तिथे लावली. स्वच्छ! कोपर, खांदा, आख्खी वहिनी. म्हणजे मूळ चित्रण धडधाकट होतं, घोळ कॉपी करताना झाला होता. कॉम्प्युटरवरच्या फाइली कार्डावरच्या फाइलींपेक्षा लहान निघाल्या.

"दादा, कॉपी चालू असताना कार्ड रीडर कुणी उपसला?"

"फोन चार्जिंगला लावायचा होता. मला वाटलं झालं असेल."

दादाची रवानगी चहा करायला झाली. आत्याने सगळं नव्याने उतरवून घेतलं, पडद्यावरची कॉपीची पट्टी पूर्ण भरेपर्यंत कशाला बोट लावलं नाही. क्लिपा झरझर चालू लागल्या. अडली फक्त शेवटची, नेमकी उडीची. ती तर कॅमेऱ्यातही उघडेना, कारण सकाळी ती घेतानाच बॅटरी संपली होती; घरी आल्यावर ती थोडीशीच चार्ज झाली होती.

आत्याने कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. मग तिच्या लक्षात आलं, की दुपारपासून कॅमेरा चालू केला की तो काहीतरी विचारत होता आणि ती घाईघाईने 'नाही' दाबून मोकळी होत होती. तिने कॅमेऱ्याला चार्जर जोडला, तो पुन्हा चालू केला, चष्मा पुसला आणि या वेळी नीट वाचलं: शेवटचं चित्रण अर्धवट राहिलं आहे, दुरुस्त करायचं?

"कर की बाबा!" म्हणत तिने 'हो' दाबलं.

वहिनी काठावर उभी. नाक धरते, सोडते, परत धरते. एवढ्यात मागून कुणीतरी बुटांसकट धावत काठापर्यंत येतं, शर्टाच्या बाह्या सरसावतं आणि पाण्यावर वाकून उभं राहतं. दादा! चित्रण करताना आत्याची नजर फक्त वहिनीवर खिळली होती. वहिनी उडी मारते, डोकं वर काढते, आणि चित्र तिथेच संपतं.

"अहो, तुम्ही तर बाहेर बसतो म्हणाला होतात!" वहिनी थक्क झाली.

"बसलो होतो. बसवेना." दादा चहाचे कप घेऊन दारातच थबकला होता.

"मी बुडाले असते तर काय करणार होतात? तुम्हाला कुठे पोहता येतं?"

"तेवढा विचार केला नव्हता."

वहिनी हसता हसता खुर्चीतच लवंडली. मग डोळे पुसत म्हणाली, "आत्याबाई, परत लाव. माझी उडी राहू दे, यांची धाव दाखव."

"आधी याची आणखी एक कॉपी काढते," आत्या म्हणाली. "दादा, तू तिथेच उभा राहा."