चाळीस सेकंदांची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. कागदावरची नव्हे, संगणकातली. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा संगणक चालू केला की आतले प्रोग्राम आपापले उठत नाहीत, कुणीतरी त्यांना क्रमाने उठवायचं असतं. एका फोटोच्या दुकानात बारा वर्षं ते काम मी केलं.

दुकानाच्या मालकांनी मला स्वतः लिहिलं, चष्मा कपाळावर चढवून, दोन बोटांनी. फोटो छापायचं त्यांचं यंत्र म्हणजे आळशीपणाचा कळस. संगणकाबरोबर ते चालू होई, पण गरम व्हायला चाळीस सेकंद घेई. म्हणून त्यांनी माझ्यात एक ओळ घातली: आधी थांब, मग छपाईचा प्रोग्राम उठव. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणत, "थांबा हो, म्हातारं उठतंय. आमची यादी चुकायची नाही." मी फुगून जायचे.

मग ते गेले. दुकान लेकीकडे आलं. दुरुस्तीवाल्याने नवं लिनक्स घातलं, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: सुरुवात कोणत्या पद्धतीने करायची? खाली चार अगम्य नावं.

"यातलं काय घेऊ, दादा?"

"कशाला डोक्याला ताप, ताई? ही नवी घेऊ. सगळ्यांना एकदम उठवते."

"आणि बाबांची यादी?"

"राहू दे की कोपऱ्यात."

निवड सोपी झाली याचं मला दुःख नाही. चार नावांत ती बिचारी काय निवडणार? पण मला कुणी उघडूनही पाहिलं नाही, ते फार लागलं.

सकाळी सगळे एकदम उठले. छपाईच्या प्रोग्रामने यंत्राला हाक मारली. ते गारच होतं. 'यंत्र सापडत नाही' म्हणून त्याने हात वर केले, पुन्हा हाक मारलीच नाही. लेकीने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. त्याबरोबर यंत्रही बंद होऊन पुन्हा गार. तीन दिवस हेच चाललं.

"बाबांबरोबरच गेलं वाटतं," ती यंत्रावर हात ठेवून म्हणाली. चौथ्या दिवशी भंगारवाल्याने ते हातगाडीवर चढवलं. यंत्र धडधाकट होतं, हे फक्त मला ठाऊक होतं.

मित्रांनो, नवं घ्या, सोपं घ्या. फक्त जुनं बाजूला सारण्याआधी एकदा वाचा. माझ्यात मालकांनी एक ओळ संगणकासाठी नव्हे, माणसासाठी लिहून ठेवली आहे: 'चिमणे, मी नसलो तरी घाई करू नकोस. चाळीस सेकंद थांब, ते उठतं.'

चिमणीने ती अजून वाचलेली नाही.