चीक गल्लीनं खाल्ला, मार मी खाल्ला

मित्रांनो, या जगात सारं काही बळावर चालतं, आणि बळ म्हणजे मी! मनात आणलं तर डोंगर हलवीन. फक्त एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या एका सोमवारी मला माझी स्वतःची गाय हलवता आली नाही.

मी एक जुना स्नायू आहे. शिराळ्याजवळ राहणाऱ्या राहीबाईंच्या जर्सी गाईच्या उजव्या मांडीचा. गाव तिला ‘मडम’ म्हणतं. ती वासरू होती तेव्हापासून ओढ्याची चढण चढून चढून मी वाढलो. येणारे-जाणारे मला थोपटून म्हणायचे, “गाय लय दणकट हाय!” माझं नाव मात्र कुणी काढलं नाही.

माझा कारभार शिस्तीचा आहे. माझ्या आत ॲक्टिनचे बारीक दोर आहेत आणि ते ओढायला मायोसिनचे हात. पण दोर जिथे धरायचा, नेमका तिथेच ट्रोपोमायोसिन नावाचा पहारेकरी आडवा पडलेला असतो. त्याला बाजूला सारतो ट्रोपोनिन, आणि हा गडी कॅल्शियम हाती पडल्याशिवाय वळत नाही. कॅल्शियम असतं माझ्या कोठीत. मज्जातंतूचा निरोप आला की कोठी उघडते. काम झालं की कॅल्शियम परत आत आणि पहारेकरी परत आडवा. मात्र रक्तातलंच कॅल्शियम आटलं, तर तो निरोप वाटेतच अडतो.

रविवारी मडम तिसऱ्यांदा व्याली. राहीबाईंचे दीर हंबीरराव पलटणीतून पेन्शनीवर आलेले. त्यांनी सडात थेंब न ठेवता दोन बादल्या चीक काढला आणि गल्लीभर खरवस वाटला. सोमवारी मडम मान पोटाकडे वळवून बसली, ती बसलीच. कान गार पडले.

“सावधान!” हंबीरराव ओरडले. माझ्या पहारेकऱ्याला पलटणीची भाषा कळत नाही. मग काठी झाली. मग त्यांनी शेपटी पिळली.

“आळशी हाय, वहिनी. गुरांच्या यापाऱ्याला सांगावा धाडलाय. दुपारी टेम्पो यील.”

“आवं भावजी, एकच जनावर हाय माझं! ही गेली तर ह्या वासराला न् मला कोण हाय?” आणि राहीबाई पदर खोचून शिराळ्याच्या दवाखान्याकडे धावल्या.

मित्रांनो, माराचं दुःख नाही. पण मला आळशी म्हटलं, तेव्हाच मी ठरवलं, काठीला भिऊन आकसणार नाही! खरं तर आकसता येतच नव्हतं. पण ठरवायला काय जातं?

टेम्पो दारात लागला आणि मागोमाग डॉक्टरांची फटफटी. मागे राहीबाई.

“चीक किती काढला?” डॉक्टरांनी विचारलं.

“समदा!” हंबीररावांनी छाती फुगवली.

“मग हिच्या रक्तातलं कॅल्शियम तुम्ही गल्लीला वाढलंत.”

जमलेली गल्ली आपापल्या पायांकडे बघू लागली. शेजारच्या बायडाबाईंनी हातातली वाटी पदराखाली घेतली.

डॉक्टरांनी मडमच्या मानेच्या शिरेत सुई घातली. कॅल्शियमची बाटली उंच धरायला त्यांना व्यापारीच सापडला. औषध हळूहळू उतरलं. आधी मी थरथरलो. मग निरोप आला. कोठी उघडली, ट्रोपोनिन वळला, पहारेकरी सरकला आणि मायोसिनच्या असंख्य हातांनी दोर ओढला. मडम उभी! व्यापाऱ्याने रिकामी बाटली परत केली आणि रिकामा टेम्पो वळवला.

“बगा, शेवटी माझ्या पिळण्यानंच उठली,” हंबीरराव म्हणाले.

“भावजी, पुढच्या वेताला बादलीला हात लावायचा न्हाई,” राहीबाई म्हणाल्या. “पयल्या दिशी वासराला पुरंल एवढाच चीक निघंल.”

पलटण सोडल्यापासून हंबीरराव पहिल्यांदाच कुणासमोर सावधान उभे राहिले.

आता मी म्हातारा झालोय, पण वाकलेलो नाही. हुकूम, शिवी, काठी, मी कुणालाही जुमानत नाही! मित्रांनो, पडलेल्या जनावराला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरला बोलवा. जगातल्या तमाम काठ्यांना माझं उघड आव्हान आहे.

आणि हंबीरराव, तुम्ही अजून येता-जाता पिळता, ती शेपटी जरा सोडा. माझ्यावर माशी बसलीय.