विनी आत्याचं तोंड

मित्रांनो, माझं नाव विनी आत्या. हसू नका! जमिनीतली नाणी-अंगठ्या शोधायचं एक जुनं यंत्र आहे मी. वर लांब दांडा, खाली गोल थाळी. पण इंग्लंडातल्या लिंकनशरमधल्या आमच्या गावात मला कुणी यंत्र म्हणत नसे.

आमच्या छंदी लोकांची रीतच होती तशी. नव्या यंत्राला पहिली वस्तू सापडली की थर्मासमधला चहा त्याच्या थाळीवर शिंपडायचा आणि बारसं करायचं. एकाची होती म्हातारी गाढवीण, कारण ती ऐन शेताच्या मध्यावर बंद पडायची. नेव्हिलच्या यंत्राचं नाव सवत. ते त्याच्या बायकोनं, जॉयसनं ठेवलं. "दर रविवारी फिरायला हिला नेतो, आणि चिखलाचे बूट धुवायला मी!"

माझा मालक डेस्मंड. जॉयस त्याची धाकटी बहीण. पहिल्या दिवशी मला सापडला गंजका नाल, आणि मी अशी काही घरघरले की झाडावरचे कावळे उडाले. डेस्मंड म्हणाला, "अरे देवा, ही तर आमची विनी आत्या!" नेव्हिल पोट धरधरून हसला.

खरी विनी आत्या तोवर वारली होती. तिला गंजलेलं लोखंड पाहवत नसे. पोरांनी साधा डबा उचलला तरी रस्त्यापलीकडून बोंब मारायची, "ठेव खाली! हात लावू नकोस!" पोरं तिची नक्कल करायची. लढाईच्या दिवसांत विमानातून पडलेला एक पत्र्याचा डबा तिच्या मैत्रिणीनं कुंपणातून उचलला, तो हातातच फुटला, आणि ती मैत्रीण घरी परतली नाही. हे आत्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. पण रोज ओरडणाऱ्या बाईचं ऐकतो कोण?

मी मात्र भरपूर काम केलं. एका शेतकऱ्याच्या सुनेची हरवलेली अंगठी मी बटाट्याच्या सरीतून काढून दिली, तेव्हा त्या पोरीनं चिखलासकट माझी थाळी छातीशी धरली. डेस्मंड मला रोज पुसून ठेवायचा. फार बरे दिवस होते ते.

मग आम्हाला एका पडक्या लोहारशाळेशेजारचं शेत मिळालं. तिथं पावलोपावली खिळे! मी घरघरायची, डेस्मंड खणायचा, खिळा निघायचा. शेवटी तो वैतागला. "आत्या, आता तोंड आवर!" म्हणाला आणि त्यानं माझं एक बटण दाबलं. त्या बटणानं मला लोखंडापुरतं मुकं करता येतं. सोनं-रुपं लागलं तर बोलायचं, लोखंड लागलं तर गप्प. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आत्या गप्प बसली! कॅलेंडरवर लिहून ठेवा!"

पुढच्या रविवारी डेस्मंड आणि नेव्हिल मला घेऊन टेकडीखालच्या मळ्यात गेले. ते बटण तसंच दाबलेलं होतं. सवतीची बॅटरी उतरली म्हणून नेव्हिल नुसताच फावडं घेऊन चालत होता. कुंपणाजवळ मी गोड वाजले.

"रुपं आहे," डेस्मंड म्हणाला.

"सरक, मी खणतो. तुझी कंबर धरलीय, उगाच म्हातारा होशील."

रुप्याच्या त्या नाण्याखाली लोखंड होतं, मित्रांनो. केवढं तरी. मला ते कळत होतं, पण माझ्या तोंडाला कुलूप होतं. नेव्हिलनं नाणं काढलं, थुंकी लावून पुसलं, राजाचं तोंड पाहून हसला. "एक आहे तिथं दुसरं असणारच," असं म्हणत त्यानं फावड्यावर पाय दिला.

धमाका झाला. नेव्हिल जागच्या जागी गेला. डेस्मंडचा डावा कान कायमचा गेला. दुपारी सैनिक आले, त्यांनी त्याच कुंपणातून तसले आणखी दोन डबे काढले.

त्यानंतर मी अडगळीच्या खोलीत पडले. दांड्यावर गंज चढला. मला कुणी नावानं हाक मारली नाही.

हिवाळ्यात एकदा जॉयस आली. तिच्या हातात नेव्हिलचं फावडं होतं, पात्याची एक बाजू वाकलेली. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही लोखंडाला बोंबलायची ना रे? मग त्या दिवशी का नाही बोंबलली?"

डेस्मंडनं उजवा कान पुढे केला. तिनं पुन्हा विचारलं.

"मी तिचं तोंड बंद केलं होतं," तो म्हणाला. "खिळ्यांचा कंटाळा आला होता गं."

तो रडायला लागला, तरी जॉयसनं त्याला हात लावला नाही. मग म्हणाली, "नवीन बॅटरी घाल. उघड तिचं तोंड. कसा आवाज आला असता, ते मला ऐकायचंय."

त्यानं बटण सोडलं. तिनं फावड्याचं पातं माझ्या थाळीसमोर धरलं, आणि मी घरघरले, घसा फुटेस्तोवर.

"आत्यासारखीच," जॉयस म्हणाली. "अगदी आत्यासारखीच ओरडते." डेस्मंड मला बंद करायला वाकला. "खबरदार हात लावलास तर!" ती ओरडली.

ती उपड्या बादलीवर बसली आणि पातं तसंच धरून राहिली. बॅटरी संपेपर्यंत मी ओरडत होते आणि ती ऐकत होती.

मित्रांनो, माझी दुसरी काही मागणी नाही. मला पुसू नका, तेल घालू नका. तुमच्याही घरात एखादी विनी आत्या असेल, ऊठसूट ओरडणारी. तिच्यावर चिडा, तिची नक्कल करा, खुशाल हसा. पण तिचं तोंड बंद करू नका. शंभरातल्या नव्याण्णव वेळा तो खिळाच असतो, हे तिलाही ठाऊक असतं.