एक बादली गार पाणी

"सिस्टर, हात वर करून दावा बरं, गिझर किती उंचीवर बसवायचा," उमाशंकर म्हणाला. त्याच्या हातात ड्रिल मशीन होतं आणि न्हाणीच्या भिंतीवर त्याने पेन्सिलने दोन फुल्याही मारून ठेवल्या होत्या.

शिवकांताचं लक्ष भिंतीकडे नव्हतं. मागच्या अंगणात तांब्याचा बंब उभा होता आणि त्याच्या बुडातून एकेक थेंब खालच्या राखेत पडत होता. सकाळी बंब पेटवला तेव्हा चर्र आवाज आला, तेव्हाच तिने वाकून बुडाखाली पाहिलं होतं.

"थांब जरा," ती म्हणाली.

"आता काय थांबायचं? दसऱ्याला खोकं आलं, दिवाळी झाली, खोकं हाय तिथंच. थंडी पडाया लागली. त्या बंबाचं बूड गेलंय सिस्टर. लई वय झालं त्याचं."

"वय माझंही झालंय. मलाही घालतोस का भंगारात?"

उमाशंकर हसला. कळंबमध्ये नळाची नि विजेची कामं करणारा हा पन्नाशीचा माणूस सिस्टरांच्या तोंडाला सरावलेला होता. त्याने मशीन पिशवीत घातलं, सोमवारी येतो म्हणाला आणि गेला. पेन्सिलच्या फुल्या मात्र भिंतीवर राहिल्या.

खोकं पुढच्या खोलीत होतं. त्यावर शिवकांता वर्तमानपत्रं ठेवायची, चष्मा ठेवायची, कधी चहाचा कपही. भावाची मुलगी निकिता पुण्याला नोकरीला होती, तिने ऑनलाइन मागवून पाठवलं होतं. पोरगी गुणाची. दर रविवारी न चुकता फोन करायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आत्या, गिझर बसवला का?" या रविवारीही तेच झालं होतं.

"अगं, मथुरामावशीची सोय होते बंबामुळं," शिवकांताने कारण पुढे केलं.

"त्यांना मुलगा आहे, सून आहे. तू कशाला धुरात खोकत बसतेस? एकटी असतेस, कधी चक्कर आली तर?"

"बघते," शिवकांता म्हणाली. तीस वर्षं नोकरीत तिने बायकांना 'बघते' हा शब्द कधी बोलू दिला नव्हता. गोळ्या घेणार का, लस देणार का, हो की नाही ते सांगा. आता मात्र स्वतःची वेळ आली तेव्हा तोच शब्द बरा पडला.

बंब घेतला तेव्हा ती तिशीत होती. त्याआधी ती लग्न करून गेली होती आणि आठ महिन्यांत परत आली होती. त्यानंतर तिने नर्सिंगचा कोर्स केला, उमरग्याकडचं घर सोडलं आणि कळंबला बदली घेतली ती कायमचीच. एकट्या बाईला एवढा मोठा बंब कशाला, असं तांबटाने विचारलंही होतं. "मला गरम पाणी लागतं," एवढंच तिचं उत्तर होतं. गल्लीत तेव्हा सगळ्यांकडे चुलीवर पातेलं. एका बाळंतिणीच्या सासूने पहिल्यांदा बादली आणली, मग दुसरीने आणली, आणि बघता बघता थंडीच्या दिवसांत सकाळी सहाला सिस्टरांच्या अंगणात सात-आठ बायकांची रांग लागायला लागली.

नर्सच ती, तिने नियम लावला. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा येताना एक बादली गार पाणी आणायचं. ते बंबाच्या तोंडात ओतायचं, मगच तोटीखाली बादली लावायची. सोबत कापसाच्या एक-दोन पऱ्हाट्या किंवा लाकडाची ढलपी. जो गार ओतणार नाही त्याला गरम नाही, मग तो सरपंच असो. बंब कोरडा जळला तर त्याच्या जोडाचा डाख वितळतो, सांधे सुटतात, हे ती प्रत्येकीला बाळाच्या लसीइतकंच बजावून सांगायची. आणि तिथं उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत, कारण सिस्टरांना ड्युटी आहे.

पुढे गल्लीत एकेकाच्या गच्चीवर सोलर बसले, न्हाण्यांमध्ये गिझर आले. येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या. कुणी सांगून थांबलं नाही. एक दिवस नाही आली, दुसऱ्या दिवशी नाही आली, की समजायचं. शिवकांता निवृत्त झाली तेव्हा रांगेत तीन जणी होत्या. गेली दोन वर्षं फक्त मथुराबाई. समोरच्या बोळातल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एका गुडघ्याने अधू. सहा वाजता फाटकाची कडी वाजायची, गार पाण्याची बादली हिंदकळत यायची.

"ओता," शिवकांता म्हणायची. तोटी सोडायची. "झालं. सांभाळून जा."

एवढंच बोलणं. पण ते दिवसातलं पहिलं असायचं आणि बऱ्याचदा शेवटचंही.

खरी गोष्ट निकिताला सांगण्यासारखी नव्हती. बंब गेला तर या घराचं फाटक उघडायला कुणालाच काही कारण उरणार नव्हतं. शिवकांताला हे पक्कं माहीत होतं, कारण तिने स्वतःच तसं करून ठेवलं होतं. कुणी दारात आलं की तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघायचा, "काय काम काढलं?" दवाखान्यात तो प्रश्न बरोबर होता. घरी तो ऐकून माणूस दोन पावलं मागं सरायचा. तिला ते दिसायचं, वाईटही वाटायचं, पण जिभेचं वळण काही जात नव्हतं.

शेवटी तिने बंब रिकामा केला, रिक्षात घातला आणि धोंडीबा तांबटाकडे नेला. धोंडीबाने तो उलटा करून बोटाने वाजवून पाहिला.

"बाई, सोडून द्या आता याला."

"डाख लागतो की नाही तेवढं सांगा."

"लागतो की. चार दिस ठिवा. एवढी थंडी काढंल. म्होरच्या सालाचं मला इचारू नका."

ते चार दिवस फार मोठे गेले. शिवकांता सवयीने पाचलाच उठायची आणि मग काय करावं ते सुचायचं नाही. गॅसवर पातेलंभर पाणी तापवून अंघोळ उरकायची. दुधाची पिशवी फाटकाला अडकवलेली असायची, पेपर फाटकावरून आत पडायचा. घरात टीव्ही होता, तो लावला की माणसं बोलायची, पण तिच्याशी नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की आज आपण एक शब्दही मोठ्याने बोललो नाही. तिने उगाच घसा खाकरून पाहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली. मथुराबाई होत्या. हातात बादली नव्हती, डोक्यावर पदर, अंगावर शाल. शिवकांताला इतका आनंद झाला की ती जवळजवळ धावतच दाराशी गेली. आणि म्हणाली काय, तर, "काय काम काढलं मावशी?"

मथुराबाईंचा फाटकावरचा हात सैल झाला. "न्हाय, काम काय न्हाय. म्हणलं बंब आला का बघावं."

"उद्या येईल."

"बरं बरं. उद्या येतो मग." त्या वळल्या आणि गुडघा सांभाळत बोळाकडे गेल्या. शिवकांता दारातच उभी राहिली. चहा घ्या म्हणायला काय झालं होतं, असं तिने स्वतःला दिवसभर विचारलं.

बंब आला. रविवारी तिने चिंच आणि मीठ लावून तो घासला, पाण्याने भरला आणि रात्रभर खाली कोरडी राख पसरून ठेवली. सकाळी राख कोरडीच होती. सोमवारी पाचला तिने पऱ्हाट्या पेटवल्या. सहाला कडी वाजली आणि मथुराबाई बादली घेऊन आल्या.

"आला का तुमचा म्हातारा घरी?" त्यांनी बंबाकडे पाहत विचारलं.

"आला. द्या इकडं, मी ओतते. तुमचा गुडघा दुखतो." चार दिवसांचं अपराधीपण होतं, म्हणून शिवकांताने पहिल्यांदाच त्यांच्या हातातली बादली घेतली. बंबाच्या तोंडाशी नेऊन ती कलती केली. पाणी हिंदकळलं आणि तिच्या मनगटावर सांडलं.

पाणी ऊन होतं.

उन्हात तापलेल्या टाकीचं असावं म्हटलं, तर सकाळचे सहा वाजले होते आणि बाहेर हाताला बोचणारा गारठा होता. तीस वर्षं तिने नवजात बाळांच्या अंघोळीचं पाणी कोपर बुडवून पाहिलं होतं. हे तसंच होतं, बाळाला घालावं असं बेताचं ऊन. चुकून गिझरच्या तोटीखाली भरलेलं.

तिने मथुराबाईंकडे पाहिलं. त्या जाळाकडे तोंड करून हात शेकत होत्या. पदराखालून कानाजवळची पांढरी बट बाहेर आली होती आणि ती ओली होती. साबणाचा वास येत होता. म्हातारी अंघोळ करून आली होती.

शिवकांताने ते पाणी बंबात ओतलं. तोटी सोडली, बादली भरली.

"झालं. सांभाळून जा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा काढायला तिला बरेच कष्ट पडले.

दहाच्या सुमाराला उमाशंकर आला. त्याने पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं, "कृष्णराजकडं गिझर तू बसवलास का?"

"मथुराआजींच्या पोराकडं? व्हय की. गेल्या थंडीतच. तुमाला म्हायती न्हाय?"

गेल्या थंडीत. शिवकांता खुर्चीवर बसली. अख्खा एक हिवाळा आणि त्यानंतरचं हे सगळं वर्ष. रोज एक बादली गार घेऊन यायचं, एक बादली गरम घेऊन जायचं, तेही त्या गुडघ्याने. आधी तिला रागच आला. म्हणजे आपली कीव करत होती म्हातारी! आपण बंब जपत होतो हिच्यासाठी, धूर खात होतो, भाचीशी खोटं बोलत होतो, आणि ही... मग तिला फाटकावरून सैल झालेला तो हात आठवला. काम नसताना आलेला माणूस तिने कसा परत पाठवला ते आठवलं. या घरात यायचं तर काम घेऊनच यावं लागतं, हे त्या अडाणी बाईला कधीच कळलं होतं. तिने काम शोधून काढलं होतं, तेही रोज उचलून आणावं लागेल असं.

शिवकांताचे डोळे भरून आले. उमाशंकर अवघडून भिंतीवरच्या फुल्यांकडे बघत राहिला.

"मग सिस्टर, पाडू का भोकं?"

"नको. ही थंडी बंबावर काढते. पुढचं पुढं बघू."

"बघू म्हणता तुमी?" तो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

मंगळवारी तिने पाचला उठून बंब पेटवला. न पेटवणं तिला सुचलंच नाही. पाणी तापत आलं तेव्हा घड्याळात पावणेसहा झाले होते. तिने कोपऱ्यातली बादली घेतली, पिंपातल्या गार पाण्याने काठोकाठ भरली, अंगावर स्वेटर चढवला आणि फाटक उघडून बोळात शिरली. इतक्या वर्षांत ती या बोळात गेली होती ती फक्त इंजेक्शन द्यायला.

मथुराबाई आपल्या ओट्यावरच होत्या, बादली भरून निघायच्या तयारीत.

"काय झालं सिस्टर?"

शिवकांताने बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कुणाकडे काही मागायची तिला सवयच नव्हती. "बंब परत गळतोय," ती म्हणाली. "एक बादली गरम पाणी मिळेल का?"

मथुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. घरांच्या वर, शिवकांताच्या अंगणातून बंबाचा धूर गारठ्यात सरळ उभा वर चढत होता. शिवकांतानेही मागे वळून पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.

मथुराबाईंनी धुरावरची नजर काढून घेतली. "मिळंल की," त्या म्हणाल्या. "आन ती बादली इकडं."

आतून सून बाहेर आली. "आत्याबाई, गिझरला वरून पाणी ओतावं लागत न्हाय. गार कशाला घेताय त्यांचं?"

"तू गप गं. पद्धत हाय ती." मथुराबाईंनी बादली घेतली, न्हाणीतल्या हौदात रिकामी केली आणि बटण दाबलं. पांढऱ्या टाकीवर लाल दिवा लागला. त्या बाहेर आल्या, ओट्यावरची आपली बादली बाजूला सारली आणि तिथं पोतं अंथरलं.

"पाणी तापाया येळ लागतो. बस जरा."

शिवकांता बसली. पाठ भिंतीला टेकवून, दोन्ही हात मांडीत घेऊन. दवाखान्याच्या बाकावर बायका बसायच्या तशी. मथुराबाईंनी आपल्या शालीचं एक टोक तिच्या गुडघ्यांवर ओढलं आणि विचारलं, "तुझं माहेर उमरग्याकडचं ना गं? कोण कोण हाय तिकडं?"

शिवकांता सांगायला लागली. भाऊ, भावजय, निकिता, मग आधीच गेलेली माणसं. न्हाणीचं दार उघडंच होतं. थोड्या वेळाने टाकीवरचा लाल दिवा विझला. पाणी तापलं होतं. दोघींनी ते पाहिलं, पण उठलं कुणीच नाही.