निळ्या घारीची लाथ

दिपमाला शिरपूरला मुलींना कराटे शिकवायची. भूपेंद्रभाऊंनी आपल्याच 'निळी घार' या कॉमिकवर सिनेमा काढायला घेतला आणि मुखवटा घालून गुंडांशी लढणारी ती बाई व्हायला तिलाच बोलावलं. खानदेशात पोरासोरांच्या मोबाइलवर फिरणाऱ्या या कॉमिकमधली सातपुड्यातली मारामारी नुसत्या नटीला झेपणारी नव्हती.

गुंडाच्या कामासाठी दिपमालाने नवलचं नाव सुचवलं. धरणगावचा नवल आणि ती एकाच गुरूच्या हाताखाली शिकली होती. तिची लाथ कुठून येणार हे त्याला डोळे मिटूनही कळायचं.

धरणगावच्या एका बंद जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मारामारीचं चित्रीकरण चाललं होतं. तिने गिरकी घेऊन लाथ मारायची आणि नवलने मागच्या कापसाच्या ढिगावर पडायचं. दोनदा नीट झालं, पण भाऊंचं समाधान होईना.

"दिपा, खोटं वाटतंय गं. जरा जोर येऊ दे."

तिने जोर लावला. नेमका त्याच वेळी नवलचा पाय घसरला. छातीशी थांबायची लाथ त्याच्या मानेवर बसली आणि तो ढिगाच्या बाजूला, फरशीवर आदळला. सगळ्यांना वाटलं, काय झकास पडला! टाळ्याही वाजल्या. तो उठेना, तेव्हा दिपमालाने मुखवटा ओरबाडून काढला.

जळगावच्या डॉक्टरांनी जीव वाचल्याचं सांगितलं. डाव्या हाताचं मात्र काही सांगता येईना. दवाखान्याच्या व्हरांड्यात नवलची आई सुंदरबाई बसली होती. दिपमाला तिच्या पायाशी जाऊन बसली.

"मना पोऱ्याना हात हालस नही, माय," सुंदरबाई एवढंच म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर दिपमालाला बरं वाटलं असतं.

पुढे काही महिन्यांनी सिनेमाची जाहिरात मोबाइलवर आली. तीत तीच लाथ होती, संथ केलेली, मागे ढोल वाजत होता. दिपमाला तडक भाऊंच्या धुळ्याच्या घरी गेली.

"ते काढा, भाऊ."

"काढू कसं? अख्ख्या सिनेमात एवढंच खरं आहे." भाऊ तिच्याकडे न बघता बोलले. "आणि नवलला विचारलंय मी. तो हो म्हणाला."

तिने नवलला गाठलं. तो ओट्यावर बसून उजव्या हाताने भुईमुगाच्या शेंगा फोडायची खटपट करत होता.

"राहू दे ना," तो म्हणाला. "हात गेलाच आहे. लोकांना तरी दिसू दे कशात गेला."

"मला रोज दिसतं ते, नवल."

"तुला दिसतं. त्यांना कुठं?"

तिने त्याच्या हातातली शेंग घेतली आणि फोडून दिली.

भाऊंनी धुळ्याला नाट्यगृह भाड्याने घेऊन पहिला खेळ लावला. तोबा गर्दी झाली. दिपमाला नवलशेजारी बसली. निळी घार पडद्यावर उतरली की पोरं खुर्च्यांवर उभी राहत होती. मग जिनिंगमधला तो प्रसंग आला. दिपमालाने डोळे घट्ट मिटले. लाथ बसली आणि नाट्यगृह शिट्ट्यांनी दणाणलं. "अजून एक! अजून एक!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिने डोळे उघडून नवलकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

"बघवत नाही गं," तो पुटपुटला. "मला वाटलं होतं बघवेल."

ती त्याला धरून बाहेर घेऊन आली. दाराशी भाऊ उभे होते, लोकांच्या शिट्ट्या ऐकत, चेहरा फुललेला. नवलला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पुढे होऊन काही बोलायला तोंड उघडलं, पण दिपमाला आधी बोलली.

"आता तो नाही म्हणतोय. ऐकलंत?"

"कापतो," भाऊ हळूच म्हणाले. "पुढच्या खेळाच्या आत कापतो."

त्यांनी ते कापलं. संध्याकाळच्या खेळाला मारामारी मध्येच तुटली, आणि जाहिरात पाहून आलेल्यांनी पैसे परत मागितले म्हणतात. दिपमालाने ते पाहिलं नाही. शिरपूरला जायचं सोडून ती नवलला घेऊन धरणगावच्या एसटीत बसली होती. तो खिडकीला डोकं टेकून झोपी गेला. वळणावर त्याचा डावा हात मांडीवरून घसरून लोंबकळायला लागला. त्याला ते कळलंही नाही. तिने तो उचलून पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवला.