कड्याखालचं पाणी

"डॉल्फिन दाखवतो म्हणाले आणि नुसतं पाणी दाखवतायत," माझ्या डाव्या बाकावरच्या बाई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या. "पाणी काय, आपल्याकडेही आहे." नवऱ्याने टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून घट्ट धरली आणि मान डोलावली.

मित्रांनो, बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. मी एक जुनी लाकडी बोट आहे. माझं नाव जीन, मुक्काम अ‍ॅबर्डीनचं बंदर. पूर्वी मी मासे धरायची, आता पाहुण्यांना डॉल्फिन दाखवते. डॉल्फिन असतात बंदराच्या तोंडाशी, जिथे नदी समुद्राला मिळते आणि मासा आत शिरतो. आणि मी उभी होते ती दीपगृहाच्या पलीकडे, दक्षिणेच्या कड्याखाली. तिथे डॉल्फिन सहसा फिरकत नाहीत. ही गोष्ट बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मग माझ्या तांडेलाला ठाऊक नसेल का?

माझा तांडेल डॉड लीपर. त्याच्या बापाने मला बांधून घेतलं. ओकच्या फासळ्या, त्यावर लार्चच्या फळ्या, फटींत काथ्या आणि डांबर. नाव दिलं स्वतःच्या आईचं. ही जीन नवऱ्याला पाठुंगळी घेऊन गार पाण्यातून त्याच्या होडीपर्यंत पोचवायची, म्हणजे दिवसभर त्याचे पाय कोरडे राहत. मात्र होडीत पाय ठेवायची तिला परवानगी नव्हती. तांडेलाच्या बायकोने बोटीवर चढू नये, अशी फिट्टीची रीत. फिट्टी म्हणजे बंदराच्या टोकाशी असलेली आमची कोळ्यांची वस्ती, बुटक्या घरांची. तर बाईचं नाव चाललं, बाई चालली नाही.

मी खूप हॅडॉक मासा आणला. लाटेवर बदकासारखी बसते म्हणून धक्क्यावरची माणसं माझं कौतुक करत. मग मासा कमी झाला. माझ्या बरोबरीच्या कितीतरी बोटी तोडून जाळल्या गेल्या. डॉडने मला तोडलं नाही. जाळी ओढायचं यंत्र काढलं आणि तिथे बाकं बसवली.

पाहुण्यांशी बोलायचं काम त्याच्या मुलाचं, कीथचं. तो सांगायचा, किनाऱ्यावर जरूर चाला, पण कॉलर वर करून. बटरी नावाची खारट चपटी पोळी गरम असतानाच खा, गार झाली की ती बुटाचा तळवा होते. पाऊस पडून ऊन आलं की आमचं करडं शहर बघा, दगड नुसता चकाकतो. फिट्टीतली घरं बघा, पण खिडकीतून डोकावू नका, आत माझी आई आहे आणि तिला नेम धरता येतो. लोक हसत. डॉड सुकाणूमागून खोटं खोटं खेकसायचा, आणि त्याला बरं वाटतंय हे माझ्या चालण्यावरून मला कळायचं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या लोकांत काही शब्द समुद्रावर उच्चारत नाहीत. डुकराला घुरघुऱ्या म्हणायचं, पाद्रीबुवांना काळा कोट, सॅमनला लाल मासा. कुणी चुकून खरा शब्द बोललं तर डॉड पटकन लोखंडाला हात लावायचा. पाहुण्यांना वाटे हा खेळाचाच भाग आहे. ते मुद्दाम त्याच्यासमोर 'डुक्कर' म्हणत आणि तो लोखंडाला हात लावताना फोनवर टिपून घेत. 'बुडणं' हा तर सगळ्यांत मोठा न बोलायचा शब्द. त्याला आमच्याकडे पर्यायी शब्दही नाही.

एका सकाळी कीथ शेवंडांचे पिंजरे उचलायला आपली छोटी होडी घेऊन कड्याखाली गेला. पूर्वेकडून धुकं आलं. दुपारी ते विरलं तेव्हा होडी सापडली. इंजिन चालू होतं आणि ती एकटीच गोल गोल फिरत होती.

बचावबोट आली, हेलिकॉप्टर आलं. डॉड आणि मी सगळ्यांच्या आधी गेलो आणि सगळ्यांच्या नंतर परतलो. मग बाकीच्यांनी शोध थांबवला. आम्ही नाही.

तेव्हापासून प्रत्येक फेरीत डॉड बंदराच्या तोंडाशी जेमतेम थांबतो आणि मला दक्षिणेला वळवतो. कड्याखाली इंजिन बंद करतो आणि पाण्याकडे बघत राहतो. त्याची मुलगी शीना आता पाहुण्यांशी बोलते. इथे कधीकधी देवमासा दिसतो, असं ती सांगते. देवमासा कुणालाच दिसलेला नाही. पाहुणे ओठ निळे करून परत जातात आणि दुसऱ्यांना सांगतात की त्या बोटीवर जाऊ नका.

घरातही तेच. कीथची आई एल्स्पेट एकदा बोलायला लागली, तर डॉड उठून मला रंग लावायला आला. रंगाचा डबा उघडला आणि तसाच ठेवून गेला. तो रंग डब्यातच वाळला. चर्चमध्ये कीथसाठी प्रार्थना झाली नाही. कीथचा कोट दारामागेच आहे, असं शीना कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. विचारलं कुणी तर डॉड म्हणतो, अजून आला नाही.

माझ्या फळ्या सुटत चालल्यात. पंप सतत चालतो. शीनाने बापाला सांगून पाहिलं की येत्या तपासणीत ही बोट पास होणार नाही, आणि कड्याखाली लाट उलटी येते, एक दिवस सगळ्यांना घेऊन आपटेल. तो म्हणाला, बघू. मला भीती वाटायला हवी होती. पण मित्रांनो, गार पाण्यात फार दिवस राहिलं की लाकूड बधिर होतं. मला काही वाटलं नाही.

आज सकाळी एल्स्पेट धक्क्यावर आली. चर्चला जायचा कोट, हातात पर्स. पाहुण्यांच्या रांगेत शेवटी उभी राहिली. धक्क्यावर जाळी विणणाऱ्यांचे हात थांबले.

"आई, तू?" शीना म्हणाली.

"तिकीट दे."

सुकाणूजवळून डॉडने खाली न बघताच सांगितलं, "एल्स्पेट, तांडेलाची बायको बोटीवर चढत नसते."

"मी बायको म्हणून नाही आले. पाहुणी म्हणून आलेय. पाहुण्यांना तू कधीपासून परत पाठवायला लागलास?"

ती चढली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिचं वजन मला कळलं, आणि ते फारसं नव्हतं. ती डाव्या बाकावर बसली, त्या कुरकुरणाऱ्या बाईंशेजारीच. कड्याखाली पोचल्यावर बाईंनी तिच्याकडेही तक्रार केली की इथे काहीच नाही. एल्स्पेट म्हणाली, "नाहीच आहे, बाई."

इंजिन बंद झालं होतं. लाट मला हळूहळू खडकाकडे ढकलत होती. शीनाने घसा साफ केला आणि देवमाशाचं सांगायला सुरुवात केली.

"पुरे, शीना," एल्स्पेट म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, फटींत वेळेवर काथ्या भरा, वाळण्याआधी रंग लावा, ही विनंती करायला मी बोलायला लागले होते. ती विनंती आहेच. पण तेवढ्यात एल्स्पेट उठली. बाकांचा आधार घेत ती सुकाणूपर्यंत गेली आणि डॉडच्या बाजूला उभी राहिली. तो पाण्याकडेच बघत होता.

"कीथ बुडाला, डॉड," ती म्हणाली. "आपला मुलगा मेला. मला अजून रडताही आलेलं नाही."